बहिणीचं लग्न, सांगली, वैशाख: पत्रिका कशी करू, बोलावणं कसं करू, परतभेट काय देऊ?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, वैशाखात, सांगलीतच. दोन्हीकडची मिळून ३०० माणसं धरलीत. बाबा नाहीत त्यामुळे बऱ्याचशा गोष्टी माझ्यावर आहेत आणि मला त्या मनापासून करायच्यात. कार्यालय, आचारी, गुरुजी झालं सगळं, अडलंय ते तीन गोष्टींवर.

एक म्हणजे पत्रिका. छापखान्यात जाऊन आले, तिथे दोनशे नमुने बघितले आणि सगळ्यांवर तोच गणपती, तेच सोनेरी मोर. आतला मजकूर तर पाठच झालाय, आमच्या येथे श्रीकृपेकरून पासून आपले विनीत पर्यंत. गेल्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एका लग्नात विनीतांच्या यादीत एका काकांचं नाव राहिलं, ते काका अजून त्या घराची पायरी चढले नाहीत, म्हणजे बघा ३६ नावं घालून शेवटी लोकांच्या लक्षात राहिलं ते न घातलेलं सदतिसावं.

दुसरं बोलावणं. किती जण येणार हे विचारायचं कसं? शहरातल्या मैत्रिणी म्हणतात गुगल फॉर्म पाठव, पण माझ्या मिरजेच्या आत्याला मी फॉर्म पाठवला तर ती लग्नाला यायचीच नाही.

तिसरं परतभेट. स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, देवाच्या फोटोची फ्रेम यातलं काही नको. माझ्याच घरात अशा ११ वाट्या आहेत आणि कुठली कुणाच्या लग्नातली ते आईला पण सांगता येत नाही. माणशी ४०-५० रुपयांपर्यंत जाऊ शकते. आजी ८४ वर्षांची आहे, माहेर सांगलीजवळचं हरिपूर, अजून स्वतः हळद निवडते, तिचा सहभाग कशात तरी असावा असं फार वाटतंय. सुचवा काहीतरी.

मठ्ठा_जिलबी

अभिनंदन! बियांच्या कागदाची पत्रिका सुचवायला आले होते पण आधी आमचा अनुभव ऐक. भावाच्या लग्नात आम्ही तीच केली, पेरा आणि तुळस उगवेल असं लिहिलेलं, साध्या पत्रिकेच्या तिप्पट पैसे मोजले. घरी राहिलेल्या ६ पत्रिका मी स्वतः कुंडीत लावल्या, रोज पाणी घातलं, तीन आठवड्यांत एक पण कोंब नाही. नंतर समजलं की कागद जाड होता, वरून शाईचा थर आणि बी किती जुनं कोणास ठाऊक. करायचीच असेल तर छापायच्या आधी कोरा तुकडा मागून घे, दहा दिवस ओल्या फडक्यात ठेवून बघ आणि मगच ऑर्डर दे.

दक्षिण_गोलार्ध

मी सिडनीत असते, त्यात माझी भर. परदेशातल्या नातेवाईकांना बियांचा कागद पाठवूच नका. इथे बिया, रोपं, कच्चं धान्य यावर फार कडक नियम आहेत, टपालाची पण तपासणी होते. माझ्या मावशीने पत्रिकेच्या पाकिटात हौसेने कुंकू लावलेल्या अक्षता घातल्या होत्या, पाकीट उघडलेलं मिळालं, पत्रिका होती आणि अक्षता काढून घेतल्याची चिठ्ठी. मावशीला मी ते अजून सांगितलेलं नाही. लग्नाहून परत येताना सोबत आणलेली परतभेटही खायची किंवा झाडाची असेल तर विमानतळावर सांगावी लागते. परदेशातल्या माणसांचं एक वेगळं पाकीट ठेवा, अक्षतांऐवजी दोन ओळी हाताने लिहा, आम्ही तेवढंच फ्रिजवर लावून ठेवतो.

चिकूची_वाडी

वारली चित्रांची पत्रिका कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. मी डहाणूकडचा. आजकाल मग, चादर, पत्रिका सगळ्यावर वारली नक्षी असते, इंटरनेटवरून उचललेली. पण आमच्या भागात हे चित्र मुळात लग्नाचंच आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक काढतात, मधे पालघाट देवी असते, आणि धवलेरी बाई गाणी म्हणत लग्न लावते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

तेव्हा ताई, वारली करायचं असेल तर आनंदाने करा पण इथल्या एखाद्या कलाकाराकडून काढून घ्या, चौकाचा अर्थ पत्रिकेच्या मागे चार ओळीत लिहा. एका चित्राचं मानधन ३०० पत्रिकांवर वाटलं की माणशी काहीच पडत नाही. नुसती नक्षी म्हणून घेणार असाल तर मात्र घेऊ नका अशी विनंती.

कृष्णाकाठ

चिकूची_वाडी, धन्यवाद दादा, हे खरंच माहीत नव्हतं. आम्ही वारली नाही करणार, आमचा त्या भागाशी संबंध नाही आणि तुम्ही लिहिलंय ते वाचून उगाच उचलणं बरोबर वाटत नाही. पण आपल्या भागातलं, आपल्या घरातलं काहीतरी हवं हे मात्र पक्कं झालं.

पाटावरवंटा

अगं मग हळद! उत्तर तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. सांगली म्हणजे हळद, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. आजी हरिपूरची म्हणजे तिने पेवं, हळद साठवायची जमिनीतली कोठारं, बघितलीच असतील. माझे सासरे व्यापारात होते, ते सांगायचे, कृष्णा-वारणा संगमाजवळच्या त्या मातीत खोल पेव खणायचं, पोत्याशिवाय हळद आत ओतायची, तोंड बंद करायचं आणि वर्षं दोन वर्षं तिला कीड लागत नसे. भाव आला की पेव फोडायचं. आत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर हवा वाईट. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. तुझ्या वयाच्या मुलांनी ती पाहिलेलीच नाहीत.

परतभेट म्हणून पाव किलो हळद पूड दे, लोक वर्षभर आठवण काढतील.

हौशी_शिंपी

पाटावरवंटा काकूंना अनुमोदन, पण पूड नको!! कळकळीने सांगते. एका बारशाला पुडीतली हळद मिळाली होती, पर्समध्ये फुटली, मोबाइल, रुमाल आणि कांजीवरम साडीचा पदर सगळं पिवळं. लग्नातून निघताना प्रत्येकीच्या अंगावर ठेवणीतली साडी असते गं. शिवाय पूड दळून आणली की त्यात काय मिसळलंय ही शंका राहतेच.

अख्खी हळकुंडं दे. पाच हळकुंडं, साधारण ५० ग्रॅम होतात, ३०० जणांना १५ किलो. आणि ती खणाच्या पोटलीत. लग्नात कंकणात हळकुंडच बांधतात ना, त्यामुळे अर्थही लागतो.

पोटलीचं गणित देते. खणाचा पन्हा साधारण ३० इंच. ६ बाय १८ चा तुकडा कापायचा, मधे दुमडला की ६ बाय ९ ची पोटली. पन्ह्यात ५ आणि मीटरच्या लांबीत २, म्हणजे मीटरला १०, तुला ३० मीटर लागेल, वर २ मीटर चुकण्यासाठी. बचत गटाच्या बायकांना शिवायला दे, नाडी सुती घाल, सॅटीनची नको, ती सुटते.

कृष्णाकाठ

अंगावर काटा आला वाचून, खरंच. आजीला आत्ताच विचारलं. ती म्हणाली कंदील सोडायचे ते बरोबर आहे, तिच्या वडिलांच्या पेवाच्या तोंडावर ती लहानपणी बसायची आणि कंदील वर आला की काचेवर पिवळा थर असायचा, तो ती बोटाने पुसायची. आम्ही हे कधी ऐकलंच नव्हतं, ८४ वर्षांत कुणी विचारलंच नाही तिला!

हळकुंडं नक्की. नवी हळद फेब्रुवारीपासून बाजारात येते, लग्न वैशाखात, म्हणजे यंदाची ताजीच मिळेल. आजी म्हणते निवडायची मी.

लातूरकडचा

परतभेटीचं ठरलं ते झकास. एक सुचवू का, अक्षतांचंही बघा. ३०० माणसं, मूठमूठ तांदूळ, नंतर तो पायाखाली तुडवला जातो आणि झाडूवाल्या मावशी दुसऱ्या दिवशी गोळा करत बसतात. आमच्याकडे काही लग्नांत ज्वारीच्या अक्षता असतात, मी तर म्हणतो वाटीभर पुरोहितांपुरत्या ठेवा आणि पाहुण्यांच्या हातात झेंडूच्या पाकळ्या द्या. वाचलेला तांदूळ पोतंभर वसतिगृहाला द्या.

एकच_चहा

मला हे पटत नाही, माफ करा. अक्षता म्हणजे न मोडलेला दाणा, म्हणूनच तो आशीर्वाद. पाकळी सुकते. माझ्या लग्नात आजोबांनी डोक्यावर टाकलेल्या अक्षतांतले चार दाणे मी २२ वर्षं डबीत ठेवलेत. तांदूळ वाया जाऊ नये हे शंभर टक्के मान्य, पण मग दाणे मोजके वाटा, बंद करू नका.

लातूरकडचा

ताई, चार दाण्यांचं वाचून मुकाट झालो. मोजके वाटा हेच बरोबर. आमच्याकडे पोरं टोपलीतून उधळतात ते मनात होतं.

सत्याचा_शोध

पत्रिकेबद्दल. माझ्या बहिणीचं लग्न आम्ही सत्यशोधक पद्धतीने केलं. ज्योतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यात वधूवर एकमेकांना वचन देतात आणि ते वचनच मंगलाष्टक, फुल्यांनी स्वतः लिहिलेलं. आम्ही ते वचन पत्रिकेच्या आतल्या पानावर छापलं होतं, विनीतांची यादी काढून टाकली, फक्त दोघांच्या आयांची आणि वडिलांची नावं, आईचं आधी. पाहुणे हॉलमध्ये पत्रिका उघडून सोबत वाचत होते. तुम्ही ती पद्धत करा असं नाही, पण आत काय छापायचं याला छापखान्याचा मजकूर हा एकच पर्याय नाही एवढंच सांगायचंय. आणि तुमचे बाबा नाहीत तर आईचं नाव निमंत्रक म्हणून ठळक घाला, कुणाला वाटतं की पुरुषाचंच हवं, त्याला वाटू दे.

कृष्णाकाठ

हे वाचून आई रडली. निमंत्रक म्हणून मोठ्या काकांचं नाव घालायचं असं तिनेच ठरवलं होतं, न विचारता. आता तिचंच जाणार.

यतिभंग

धागा उशिरा वाचला. मंगलाष्टकं घरच्यांनी लिहिलेली असली तर फार गोडी येते, आणि लोक समजतात तितकं ते अवघड नाही. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, मग उरलेली ७. आता गंमत बघा, कुर्यात् सदा मंगलम् ही अक्षरं मोजा, बरोब्बर ७. म्हणजे चौथ्या ओळीत तुम्हाला फक्त १२ अक्षरं लिहायची असतात, बाकीचं तयारच आहे.

चाल अशी, गा म्हणजे गुरू अक्षर आणि ल म्हणजे लघू: गा गा गा ल ल गा ल गा ल ल ल गा, थांबा, गा गा ल गा गा ल गा. बसस्टॉपवर, भाजी चिरताना म्हणत राहा, दोन दिवसांत कानात बसते. तुमची हळद वाचून मला सुचलेली एक ओळ तुमच्या बहिणीला आहेर म्हणून देतो:

आजीच्या हळदीत रंगुनि घरा आल्या सुखाच्या सरी

आणि शेवटची:

नांदो गोडिगुलाबिने घर नवे कुर्यात् सदा मंगलम्

गोडीतला डी आणि गुलाबीतला बी मी ऱ्हस्व केलाय, वृत्तासाठी तेवढी मोकळीक पूर्वापार घेतात. मधल्या दोन ओळी घरच्यांनी लिहा. मात्र म्हणणाऱ्याला आठ दिवस आधी द्या, आयत्या वेळी कागद हातात दिला की बाराव्या अक्षराला श्वास चुकतो आणि सगळा मांडव ओळखतो.

हौशी_शिंपी

आल्या सुखाच्या सरी!! आहा. वैशाखातल्या लग्नात सरी, ऐकूनच गार वाटलं.

पाटावरवंटा

बोलावण्याचं राहिलंच गं. आमच्याकडे अजून अक्षत द्यायला जातात. पहिली गणपतीला, मग कुलदैवताला, मग मामाकडे, मग गावात. आणि बोलावताना दोन तऱ्हा, घरटी एक किंवा चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमची चूल पेटवू नका, सगळे आमच्याकडे जेवायला. एका शब्दात आकडा कळायचा, ना कुणाचा अपमान ना गैरसमज. हे शब्द परत वापर बघ.

माणसं मोजायला माझ्या जावेने केलेली युक्ती सांगते. घरातल्या चार भाच्या-पुतण्यांना ७०-७० नंबर वाटून दिले. फोन करून येणार का असं विचारायचंच नाही. विचारायचं, काकू गोडाला जिलबी ठेवू की साखरभात, तुमच्याकडे कुणाला काय आवडतं? पलीकडून आपोआप येतं, अगं मला जिलबी, ह्यांना शुगर आहे, सून बाळंतपणाला गेलीय, आम्ही तिघंच. लिहून घ्यायचं. आचाऱ्याला २८० चा आकडा दिला, २७४ पानं झाली.

चिकूची_वाडी

हे भारी आहे काकू.

एकच_चहा

एक काळजीचं लिहिते. मोबाइलवर पत्रिका पाठवणार असाल तर फोटो म्हणूनच पाठवा. २०२४ पासून लग्नाची पत्रिका म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल पाठवायची, समोरच्याने दाबली की फोनचा ताबा जातो आणि खात्यातून पैसे, असे प्रकार सुरू आहेत, पोलिसांनी पण सावध केलंय. माझे सासरे आता अनोळखी नंबरवरून आलेली कुठलीच पत्रिका उघडत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. आधी फोन, मग फोटो.

आणि वयस्कर माणसांना शक्य असेल तर पोस्टाने पाठवा. पोस्टकार्ड ५० पैशाला मिळतं, फक्त हाताने लिहिलेलं असावं, छापील मजकुराला जास्त पैसे पडतात. माय स्टॅम्प म्हणून पोस्टाची सोय आहे, आपला फोटो असलेली तिकिटं करून देतात, ती पाकिटावर लावली तर पाकीटही जपून ठेवतात लोक.

कृष्णाकाठ

ठरलं सगळं. लिहून ठेवते म्हणजे कुणाला उपयोग होईल.

पत्रिका आजीच्या हस्ताक्षरात. तिने आठवडाभर सराव केला, दुपारी चहा झाला की पाटीवर लिहायची आणि पुसायची. अक्षर कापतंय, र ची शेपटी प्रत्येक ठिकाणी लांब गेलीय. छापखानावाले म्हणाले कॉम्प्युटरवर सरळ करून देतो, मी नको म्हटलं. मजकूर तिचाच आहे:

सप्रेम नमस्कार वि. वि. आमच्या धाकट्या नातीचं लग्न ठरलं आहे. तिची आई सगळ्यांना बोलावते आहे, मी पण बोलावते. जेवायला चूलबंद यावं. आहेर आणू नये, हळद आम्ही देऊ. गुडघे दुखतात हे कारण सांगू नये, माझेही दुखतात. यायची सोय नसेल त्यांनी कळवावं, गाडी पाठवते.

खाली दोन्ही आयांची नावं, तारीख, कार्यालयाचा पत्ता. विनीतांची यादी नाही. काका थोडे गप्प झाले होते, मग आजीने त्यांना बोलावून सांगितलं की पहिली अक्षत गणपतीला घेऊन तूच जायचं, आता ते नदीकाठच्या देवळातल्या गुरवांना चार वेळा फोन करून बसलेत.

६० पोस्टकार्डं आई आणि मी रोज रात्री पाच-पाच लिहितोय.

मठ्ठा_जिलबी

माझेही दुखतात 🙂 किती गोड गं आजी. लग्न झाल्यावर इथे येऊन नक्की सांग.

कृष्णाकाठ

पार पडलं मंडळी! उशीर झाला लिहायला, सत्यनारायण, कार्यालयाचा हिशोब यात दोन आठवडे गेले.

आधी काय चुकलं ते. पोटल्या बचत गटाने सुरेख शिवल्या पण आम्ही हळकुंडं नीट न वाळवता भरली. आणलेली पोती ओसरीवर होती, एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि खालचं पोतं दमट झालं. चार दिवसांनी आजीने एक पोटली नाकाला लावली आणि म्हणाली, ही सोड. ३०० च्या ३०० सोडल्या, गच्चीवर चादरी पसरून दोन दिवस कडक ऊन दिलं, परत भरल्या. वास तिला आला, आम्हाला कुणाला काहीच कळलं नव्हतं. भरायच्या आधी दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजली पाहिजेत, हे तिचं माप.

जिलबी की साखरभात हा प्रश्न अफाट चालला. २९५ सांगितली, ३०२ पानं उठली. ६० पैकी ५१ पोस्टकार्डं पोचली, त्यातल्या १९ जणांनी उलट पोस्टकार्डानेच उत्तर दिलं. गाडी तीन फेऱ्या करून १४ जणांना घेऊन आली, त्यातल्या एक आजीच्या शाळेतल्या मैत्रीण, हरिपूरच्याच, आता इचलकरंजीला मुलाकडे असतात. निघताना त्यांच्या हातात पोटली दिली तर त्यांनी तिथेच नाडी सोडली, एक हळकुंड काढलं, दाताने किंचित तोडून बघितलं आणि आजीला म्हणाल्या, पेवातली नाही ही. आजी म्हणाली, पेवं कुठं राहिलीत आता. मग दोघी तशाच हात धरून बसल्या होत्या, मांडव आवरायला लागले तरी.

मंगलाष्टक मामाने म्हटलं. यतिभंग दादा, तुमच्या दोन ओळींमधल्या दोन आईने लिहिल्या. बाबांचं नाव आहे त्यात म्हणून इथे देत नाही. बाराव्या अक्षराला मामाचा श्वास बरोबर पुरला.

यतिभंग

आहेर पोचला. आईंना नमस्कार सांगा.

दक्षिण_गोलार्ध

वाचताना सिडनीत बसून डोळे भरले. सप्टेंबरमध्ये भाच्याची मुंज आहे पुण्याला, हौशी_शिंपी ताई, बटूला खणाऐवजी सुती पंचाच्या कापडाची पोटली केली तर माप तेच धरायचं का?

हौशी_शिंपी

नाही गं, पंचा उसवतो फार, दोन्हीकडून अर्धा इंच जास्त धर आणि कडा आधी दुमडून घे. पन्हा किती आहे ते मोजून इथे टाक, मी कापायचा नकाशा काढून देते.